थ्रेड्सचं आउटपुट एकमेकांत घुसतंय? हॅस्केल आणि इतर फंक्शनल भाषांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः हॅस्केलवाल्यांसाठी आहे, म्हणजे जीएचसी (हॅस्केलचा कंपायलर) वापरणाऱ्यांसाठी. शेवटाकडे एर्लांग, एलिक्सर, क्लोजर वगैरे मंडळींसाठीही थोडं आहे. फंक्शनांची नावं सगळी देवनागरीत लिहिलीयत, बोलताना आपण म्हणतो तशीच, त्यामुळे ओळखायला त्रास होऊ नये.

फंक्शनल प्रोग्रामिंगमध्ये सगळं इम्युटेबल (न बदलणारं) असतं ना? मग रेस कंडिशन (कोण आधी पोचतो यावर निकाल ठरणं) आली कुठून?

तुमचा डेटा इम्युटेबल आहे हो, पण स्क्रीन नाहीये ना. स्टँडर्ड आउटपुट ही अख्ख्या प्रोग्राममधली एक सामायिक, सतत बदलणारी वस्तू आहे आणि तिच्यावर कोण कधी लिहितो याला क्रम असतो. प्युअर फंक्शन (बाहेरच्या कशालाच हात न लावणारं) दहा कोअरवर एकदम चालवा, काही बिघडत नाही, उत्तर तेच येणार. पण ज्या क्षणी दोन थ्रेड (प्रोग्राममधली एकाच वेळी चालणारी कामं) पुटस्ट्रएलएन, म्हणजे ओळ छापायचं फंक्शन, करायला लागतात त्या क्षणी तुम्ही सी किंवा जावावाल्यांच्याच रांगेत येऊन उभे राहता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे एकदम बोलायला लागले की मिनिट्स लिहिणाऱ्याचं जे होतं तेच टर्मिनलचं होतं.

फरक एवढाच की इथे टाइप बघून कळतं कुठल्या फंक्शनमध्ये आयओ (बाहेरच्या जगाशी वाचणं-लिहिणं) आहे आणि कुठल्यात नाही, त्यामुळे भांडण नेमकं कुठे होऊ शकतं ते शोधायला सोपं जातं. ही सवलत बरेच जण वापरतच नाहीत, प्रत्येक वर्करमध्ये चार-चार प्रिंट टाकतात आणि मग विचारतात.

नेमकं काय मिसळतं, अक्षरं की ओळी?

दोन्ही होऊ शकतं, बफरिंग मोडवर (लिहायचं ते किती जमा करून मग पाठवायचं) आहे सगळं. हॅस्केलमध्ये प्रत्येक हँडलला (फाइल, टर्मिनल वगैरेशी जोडणारा दुवा) तीनपैकी एक मोड असतो: नोबफरिंग (लगेच लिहायचं), लाइनबफरिंग (ओळ संपली की) आणि ब्लॉकबफरिंग (बफर भरला की). टर्मिनलला जोडलेलं असेल तर स्टँडर्ड आउटपुट लाइनबफरिंगमध्ये असतं, फाइलकडे किंवा पाइपकडे वळवलं की ब्लॉकबफरिंगमध्ये जातं, आणि स्टँडर्ड एरर मात्र कायम नोबफरिंग.

नोबफरिंगमध्ये पुटस्ट्र एकेक कॅरेक्टर वेगळं लिहितो आणि प्रत्येक कॅरेक्टरला हँडलचं लॉक घेतो-सोडतो. आता गंमत बघा. हे लॉक म्हणजे जीएचसीचा एमव्हार, एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारा डबा, आणि ते फेअर आहे, म्हणजे वाट बघणाऱ्यांची रांग असते आणि लॉक सुटलं की रांगेतल्या पहिल्याला मिळतं. त्यामुळे दोन थ्रेड एकदा का त्या लॉकवर भिडले की पहिला एक कॅरेक्टर लिहितो, लॉक दुसऱ्याला जातं, तो एक लिहितो, परत पहिल्याला, असं अगदी शिस्तीत आळीपाळीनं चालतं. लोकांना वाटतं रँडम खिचडी होईल, प्रत्यक्षात एकाआड एक पक्की वीण तयार होते.

इंग्रजीत हे नुसतं विचित्र दिसतं, मराठीत त्याहून वाईट, कारण हॅस्केलचं एक कॅरेक्टर म्हणजे युनिकोडचा एक कोडपॉइंट, आपलं अख्खं अक्षर नव्हे. समजा एक थ्रेड "पाणी" लिहितोय आणि दुसरा "मोती". आळीपाळीनं लिहिलं की येतं:

पमाोणतीी

म्हणजे "पा" मधला काना जाऊन "म" ला चिकटला, त्यावर परत त्याचा स्वतःचा ओकार, आणि शेवटी दोन वेलांट्या एकाच "त" वर. "स्त्री" सारखा शब्द तर सहा कोडपॉइंटचा आहे, त्याचे तुकडे कुठे जाऊन पडतील देव जाणे. टर्मिनलवर असे ठिपक्यांचे गोल दिसायला लागले की फॉन्टला शिव्या घालायच्या आधी बफरिंग मोड बघा.

लाइनबफरिंगमध्ये परिस्थिती बरी असते. तिथे पुटस्ट्र आधी वेगळ्या बफरमध्ये स्ट्रिंग भरतो आणि न्यूलाइन आली की तो बफर हँडलकडे सुपूर्द करतो, आणि लॉक फक्त त्या सुपूर्द करण्यापुरतंच घेतलं जातं. त्यामुळे एका पुटस्ट्रएलएनची एक छोटी ओळ सहसा अखंड येते. "सहसा" म्हणतोय कारण तो बफर २०४८ कॅरेक्टरचा असतो, त्याहून लांब ओळ असेल तर ती तुकड्यांत जाते आणि मधे दुसरा घुसू शकतो. आणि तुम्ही एका स्ट्रिंगमध्ये पाच ओळींचा टेबल छापत असाल तर प्रत्येक न्यूलाइनला वेगळं सुपूर्द होतं, म्हणजे टेबलाच्या मधे दुसऱ्याची ओळ येणारच.

जीएचसीआयमध्ये (हॅस्केलचा इंटरॅक्टिव्ह प्रॉम्प्ट) खिचडी होते आणि कंपाइल केल्यावर नीट चालतं. मग सोडून देऊ का?

सोडू नका. जीएचसीआय स्वतः स्टँडर्ड आउटपुटला नोबफरिंगमध्ये टाकतं, कंपाइल केलेला प्रोग्राम टर्मिनलवर लाइनबफरिंगमध्ये असतो, एवढंच कारण आहे. प्रॉब्लेम गेला नाहीये, लपलाय. उद्या कोणीतरी लांब ओळ छापेल किंवा "नाव: " आधी पुटस्ट्रनं आणि व्हॅल्यू नंतर पुटस्ट्रएलएननं असं दोन कॉलमध्ये लिहील आणि तो परत वर येईल. दोन वेगळे कॉल म्हणजे लॉक दोनदा घेतलं-सोडलं जातं, मधल्या फटीत कोणीही येऊ शकतो.

आणखी एक कारण म्हणजे टेस्ट प्रोग्राम फार छोटे असतात. जीएचसीचा शेड्युलर डिफॉल्टनं २० मिलिसेकंदांनी थ्रेड बदलतो आणि तुमचा "हॅलो" छापणारा थ्रेड त्याच्या कितीतरी आधी संपलेला असतो, त्यामुळे भांडायची वेळच येत नाही.

मी थ्रेडेड फ्लॅग (अनेक कोअर वापरू देणारा) दिलेलाच नाही, सगळं एकाच कोअरवर आहे. तरी मिसळतं?

हो. फोर्कआयओनं (थ्रेड सुरू करणारं फंक्शन) काढलेले थ्रेड ओएसचे नसतात, जीएचसीच्या रनटाइमचे हलके थ्रेड असतात, सुरुवातीला साधारण १ केबीचा स्टॅक, म्हणून लाखभर काढले तरी चालतात. ते एका कोअरवर असले तरी रनटाइम त्यांना मधेच थांबवून दुसरा चालू करतो. कोअर एक असल्यानं रेस जात नाही, फक्त कमी वेळा दिसते, जे जास्त वाईट.

हँडलला आत लॉक आहेच ना, मग पूर्ण स्ट्रिंग होईपर्यंत धरून का ठेवत नाहीत? सगळे प्रश्न मिटले असते.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो कारण उत्तर लेझी इव्हॅल्युएशनमध्ये आहे, म्हणजे गरज लागेपर्यंत व्हॅल्यू न काढण्यात. हॅस्केलची स्ट्रिंग म्हणजे कॅरेक्टरांची लेझी यादी, ती छापताना-छापताना तयार होत असते. आता समजा तुम्ही जी स्ट्रिंग छापताय ती तयार करताना आतमध्ये कोणीतरी ट्रेससारखं (डीबगिंगसाठी मधेच छापणारं) काहीतरी टाकलंय जे त्याच हँडलवर लिहितं. छापणाऱ्यानं लॉक धरलंय, स्ट्रिंगचा पुढचा भाग काढायला गेला, तो भाग म्हणतो मला आधी लिहायचंय, लॉक द्या. लॉक कोणाकडे? त्याच थ्रेडकडे. झालं, कायमचा अडकला.

म्हणून जीएचसीच्या लायब्ररीत मुद्दाम असं केलंय की स्ट्रिंग इव्हॅल्युएट होताना लॉक धरायचं नाही, आधी मोकळ्या बफरमध्ये उतरवायची आणि मग तेवढं लॉक घेऊन सुपूर्द करायची. म्हणजे अखंडतेवर पाणी सोडून डेडलॉक टाळलाय. मला विचाराल तर बरोबर निर्णय आहे, पण त्याची किंमत आपण भरतो.

याच कारणामुळे अजून एक चमत्कार दिसतो: "अबक" ला अनडिफाइन्ड (काढायला गेलं की एरर देणारी व्हॅल्यू) जोडून छापलं तर जीएचसीआयमध्ये "अबक" दिसून मग एरर येतो, कंपाइल केल्यावर नुसताच एरर, "अबक" गायब. बफर सुपूर्द व्हायच्या आधीच एक्सेप्शन आलं ना, म्हणून.

बरं कळलं, आता सोपा उपाय सांगा.

एक एमव्हार घ्या, त्यात युनिट (माहिती नसलेली नुसती खूण) ठेवा, आणि छापायचं प्रत्येक काम विथएमव्हारच्या आत करा. बास. मेनमध्ये न्यूएमव्हार करून लॉक बनवायचं, "सेफप्रिंट" नावाचं एक फंक्शन लिहायचं जे लॉक आणि स्ट्रिंग घेतं, आणि मग टीमला सांगायचं की डायरेक्ट पुटस्ट्रएलएन दिसला तर रिव्ह्यू पास होणार नाही. एमव्हार काही नवीन नाही, कन्करंट हॅस्केलचा १९९६ चा पेपर आला तेव्हापासून आहे, आणि या कामासाठी आजही पुरतो.

दोन गोष्टी मात्र पाळा. टेकएमव्हार आणि पुटएमव्हार हातानं लिहू नका, विथएमव्हारच वापरा, कारण मधे एक्सेप्शन आलं किंवा बाहेरून कोणी किलथ्रेड केलं किंवा टाइमआउट लागला तर विथएमव्हार लॉक परत ठेवतो, तुमचा हाताचा कोड ठेवणार नाही आणि मग सगळे बाकीचे थ्रेड रांगेत उभे राहतील. दुसरं, लॉक फक्त तेच लोक पाळतात जे ते घेतात. एखादी लायब्ररी आतून स्वतः छापत असेल तर तिला तुमच्या एमव्हारशी काही देणंघेणं नाही.

लॉक प्रत्येक फंक्शनला पास करत बसायचा कंटाळा येतो म्हणून लोक अनसेफपरफॉर्मआयओनं ग्लोबल एमव्हार बनवतात. चालतं, पण वर नोइनलाइन प्रॅग्मा (कंपायलरला दिलेली सूचना) विसरलात तर कंपायलर ते इनलाइन करून एकाऐवजी अनेक लॉक बनवू शकतो आणि मग तुम्ही लॉक असूनही मिसळतंय म्हणून डोकं आपटत बसाल. रीडर मोनाडमध्ये (प्रत्येक फंक्शनला हातानं पास न करता मिळणारी सामायिक माहिती) ठेवणं बरं.

लॉक लावल्यापासून आउटपुट नीट येतं पण प्रोग्राम एकदम स्लो झाला, एकच कोअर चालतोय असं दिसतं.

परत लेझीनेस. तुम्ही विथएमव्हारच्या आत "शो रिझल्ट" छापताय ना? तो रिझल्ट अजून काढलेलाच नाहीये, नुसता थंक आहे. खरी आकडेमोड छापायला गेल्यावर सुरू होते, म्हणजे लॉक हातात असताना, आणि बाकी सगळे थ्रेड बाहेर ताटकळत. आठ कोअरचं मशीन आणि काम एका वेळी एकच.

उपाय: लॉक घ्यायच्या आधी व्हॅल्यू पूर्ण काढा. फोर्स आणि इव्हॅल्युएट एकत्र वापरा, किंवा डीपसेक. नुसतं सेक पुरत नाही बरं का, ते फक्त सगळ्यात बाहेरच्या कन्स्ट्रक्टरपर्यंत जातं, यादी असेल तर पहिली गाठ सोडवून थांबतं. सगळ्यात चांगलं म्हणजे लॉकच्या बाहेर पूर्ण ओळ टेक्स्ट किंवा बाइटस्ट्रिंगमध्ये बनवून पक्की इव्हॅल्युएट करून ठेवा आणि आत फक्त लिहिणं ठेवा. यानं वेग तर येतोच, वर ट्रेसची जी भानगड सांगितली तीही टळते.

प्रोग्राम मधेच थांबतो किंवा "थ्रेड ब्लॉक्ड इनडेफिनिटली" असा एरर येतो.

बहुतेक वेळा लॉकच्या आत लॉक घेतलेलं असतं. सेफप्रिंटच्या आतून दुसरं कुठलंतरी फंक्शन बोलावलं, त्यात कोणीतरी डीबगला म्हणून परत सेफप्रिंट टाकलेलं. एमव्हार रीएंट्रंट नाहीये, तोच थ्रेड परत मागायला आला तरी त्याला रांगेतच उभं करतो. जावाच्या मॉनिटरची सवय असलेले हमखास इथे अडकतात.

तो एरर मिळाला तर नशीब समजा. गार्बेज कलेक्शनच्या (नको असलेली मेमरी साफ करायच्या) वेळी रनटाइमला कळतं की या एमव्हारकडे दुसरं कोणीच पोचू शकत नाही आणि मग तो एक्सेप्शन फेकतो. पण कुठूनतरी एक रेफरन्स शिल्लक असेल तर तो काही बोलत नाही, नुसता थांबून राहतो. त्या एररवर विसंबून लॉजिक लिहू नका, ती डीबगिंगची सोय आहे.

एसटीएम (मेमरीतले बदल ट्रान्झॅक्शनमध्ये करायची सोय) एवढं भारी आहे तर अ‍ॅटॉमिकलीच्या (ती ट्रान्झॅक्शन चालवणारं फंक्शन) आत प्रिंट का नाही करता येत?

कारण एसटीएम ट्रान्झॅक्शन परत-परत चालू शकते. दोन थ्रेड एकाच टीव्हारवर (एसटीएमचं व्हेरिएबल) भिडले की एक ट्रान्झॅक्शन रद्द होऊन पहिल्यापासून सुरू होते. आत प्रिंट असता तर स्क्रीनवर गेलेलं परत कसं घेणार? म्हणून एसटीएम मोनाडमध्ये आयओ चालतच नाही, टाइप चेकरच अडवतो. २००५ च्या मूळ पेपरपासून हीच भूमिका आहे.

क्लोजरमध्ये हे अडवणारं कोणी नाहीये, अ‍ॅटम (क्लोजरचं बदलता येणारं व्हेरिएबल) बदलणाऱ्या स्वॅपच्या फंक्शनमध्ये प्रिंटएलएन टाका, भाषा काही म्हणत नाही आणि रिट्राय झाला की तीच ओळ दोनदा येते. लोक मग म्हणतात अ‍ॅटम दोनदा अपडेट झाला, तो एकदाच झालेला असतो.

एसटीएममध्ये करायचं ते असं: ट्रान्झॅक्शनच्या आत मेसेज क्यूमध्ये टाकायचा. ट्रान्झॅक्शन रद्द झाली तर मेसेजही रद्द, यशस्वी झाली तर मेसेज नक्की गेला. छापणारा बाहेर वेगळा. हे नुसत्या लॉकनं जमत नाही.

मग लॉक बरं की वेगळा छापणारा थ्रेड?

छोटं टूल असेल, चार-पाच थ्रेड असतील तर लॉक. त्याहून मोठं काहीही असेल तर एकच थ्रेड छापणार आणि बाकीचे क्यूमध्ये टाकणार, हे माझं ठाम मत आहे. कारण मग स्टँडर्ड आउटपुटला हात लावणारा कोड एकाच ठिकाणी येतो, तिथे तुम्ही टाइमस्टँप लावा, रंग लावा, फाइलमध्ये पाठवा, टेस्टमध्ये नुसती यादी गोळा करा, बाकी प्रोग्रामला पत्ता लागत नाही.

क्यू कुठली घ्यायची यात मात्र लोक चुकतात. चॅन आणि टीक्यू दोन्ही अनबाउंडेड (मर्यादा नसलेल्या) आहेत. शंभर वर्कर धडाधड मेसेज टाकतायत आणि छापणारा एक, तोही एसएसएचवरून स्लो टर्मिनलवर, मग क्यू फुगत जाते आणि मेमरी खाते. टीबीक्यू घ्या, तिला मर्यादा असते, भरली की टाकणारा थांबतो. वर्कर थांबलेले चालणार नसतील तर क्यू भरल्यावर मेसेज फेकून द्यायचा आणि किती फेकले ते मोजून नंतर छापायचं, पण हे ठरवून करा.

आणि हो, क्यूमध्ये थंक टाकू नका. वर्करनं न केलेलं काम बिचाऱ्या छापणाऱ्या थ्रेडवर येतं, शिवाय थंकनं धरून ठेवलेला डेटा मेमरीतून सुटत नाही. टाकायच्या आधी फोर्स.

छापणारा थ्रेड केला, पण शेवटच्या काही ओळी येतच नाहीत.

हॅस्केलमध्ये मेन थ्रेड संपला की प्रोग्राम संपला, बाकीचे थ्रेड जिथे असतील तिथे मारले जातात. बाहेर पडताना स्टँडर्ड आउटपुट फ्लश होतं, पण तुमच्या क्यूमध्ये जे पडून होतं ते हँडलपर्यंत पोचलंच नव्हतं ना.

क्यूमध्ये मेबी (एकतर मेसेज, नाहीतर नथिंग म्हणजे काहीच नाही) टाकायचा, सगळे वर्कर संपले की मेननं नथिंग टाकायचं, छापणाऱ्याला नथिंग दिसलं की त्यानं फ्लश करून संपायचं, आणि मेननं त्याची वाट बघायची. एसिंक लायब्ररी वापरत असाल तर छापणाऱ्याला एसिंकनं सुरू करून शेवटी वेट, काम झालं. हे सगळं फायनलीमध्ये (एरर आला तरी चालणारा भाग) ठेवा, नाहीतर एरर आल्यावर जेव्हा लॉग खरंच हवा असतो नेमका तेव्हाच गायब असतो. थ्रेडडिले टाकून "एक सेकंद थांबू, येईल तेवढ्यात" हा प्रकार कृपया करू नका.

ओळी अखंड येतात पण क्रम दरवेळी वेगळा. फाइल १, फाइल २ असा क्रम हवाय.

लॉकनं अखंडता मिळते, क्रम नाही. क्रम हवा असेल तर वर्करला छापायलाच लावू नका. एसिंकमधलं मॅपकन्करंटली घ्या, ते सगळी कामं एकदम चालवतं पण उत्तरं मूळ यादीच्याच क्रमानं परत देतं, मग मेनमध्ये आरामात छापा. वर्करनं स्वतःच्या लॉगच्या ओळी रिझल्टबरोबर यादी म्हणून परत द्यायच्या, की प्रत्येक फाइलचा लॉग एकत्र आणि क्रमानं येतो. फंक्शनल भाषेत राहून हे करायला लाजायचं काय कारण, व्हॅल्यू परत देणं हेच तर आपलं काम.

तोटा एकच, सगळं संपेपर्यंत काही दिसत नाही. तेवढं थांबवत नसेल तर प्रत्येक कामाचा वेगळा एसिंक करून यादीतून क्रमानं वेट करत छापत जा, पहिलं झालं की पहिलं दिसेल. मात्र मधेच एखाद्यात एक्सेप्शन आलं तर बाकीचे चालूच राहतात, त्यांना कॅन्सल करायची सोय तुम्हालाच करावी लागते, विथएसिंक बघा. मॅपकन्करंटलीत ते आपोआप होतं.

आणि घटना खरंच कुठल्या क्रमानं घडल्या ते बघायचं असेल तर वेळ वर्करमध्येच घ्या. छापणाऱ्या थ्रेडमध्ये टाइमस्टँप लावला तर तो छापण्याचा वेळ, घडण्याचा नव्हे.

स्ट्रिंगऐवजी टेक्स्ट किंवा बाइटस्ट्रिंग वापरलं तर हे सगळं सुटतं का?

बरंचसं, पूर्ण नाही. स्ट्रिक्ट बाइटस्ट्रिंगचा एचपुट एकदाच लॉक घेऊन पूर्ण तुकडा लिहितो, छान आहे. पण त्याच लायब्ररीच्या चारएट मॉड्यूलमधला पुटस्ट्रएलएन बघा: १०२४ बाइटपेक्षा छोटी ओळ असेल तर न्यूलाइन आधी जोडून एकदम लिहितो, मोठी असेल तर आधी मजकूर आणि मग न्यूलाइन वेगळी. देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातो, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कोडपॉइंटची मराठी ओळ झाली की तुम्ही त्या मर्यादेपलीकडे. टेक्स्टच्या जुन्या व्हर्जनमध्ये तर न्यूलाइन कायमच वेगळी जायची, म्हणून दोन ओळी चिकटून आणि खाली एक रिकामी ओळ असं दिसायचं.

सवय लावून घ्या: न्यूलाइन स्वतः जोडायची, यूटीएफ-८ एन्कोड करून बाइटस्ट्रिंग बनवायची आणि एकाच एचपुटनं द्यायची. तयार पाहिजे असेल तर "से" नावाचं छोटं पॅकेज नेमकं यासाठीच आहे. फास्टलॉगरही आहे, सर्व्हरसाठी उत्तम, पण वेग मिळवायला तो अनेक बफर वापरू शकतो त्यामुळे दोन ओळींचा आपसातला क्रम थोडा पुढे-मागे झाला तर दचकू नका.

एर्लांग आणि एलिक्सरमध्ये हा त्रास का नाही?

कारण तिथे छापणारा वेगळा ठेवायचा हा निर्णय भाषेनंच घेऊन टाकलाय. आयओ-फॉरमॅट म्हटलं की प्रोसेस स्वतः काही छापत नाही, ग्रुप लीडर नावाच्या प्रोसेसला मेसेज पाठवते आणि उत्तराची वाट बघते. ग्रुप लीडर एकेक मेसेज घेऊन छापतो, त्यामुळे एका कॉलचं आउटपुट अखंड. एलिक्सरचं आयओ-पुट्स तेच करतं. दोन कॉल केलेत तर मधे दुसरा येणार, ते इथेही आहेच. आणि एका प्रोसेसकडून दुसरीकडे जाणाऱ्या मेसेजेसचा क्रम पक्का असतो, पण वेगवेगळ्या प्रोसेसेसकडून आलेल्यांचा आपसात काही भरवसा नाही.

एक मजेशीर परिणाम म्हणजे ग्रुप लीडर जन्म देणाऱ्याकडून वारशानं मिळतो, म्हणून दुसऱ्या नोडवर स्पॉन केलेली प्रोसेस छापते ती तुमच्या इथल्या टर्मिनलवर. नवीन लोक त्या दुसऱ्या मशीनचा कन्सोल बघत बसतात.

लोड जास्त असेल तर आयओ-फॉरमॅट नको, लॉगर वापरा. ओटीपी (एर्लांगबरोबर येणारा लायब्ररींचा संच) २१ पासून जो लॉगर आहे त्याच्या स्टँडर्ड हँडलरची क्यू डिफॉल्टनं १० च्या वर गेली की तो पाठवणाऱ्याला थांबवायला लागतो, २०० च्या वर नवीन मेसेज टाकून देतो, आणि १००० च्या वर क्यूच रिकामी करतो. म्हणजे टीबीक्यूवाल्या उत्तरात जे ठरवा म्हटलं ते इथे आधीच ठरवलेलं आहे.

क्लोजरमध्ये फ्युचरमधून (वेगळ्या थ्रेडवर चालणारं काम) प्रिंटएलएन केलं की शब्द इकडे-तिकडे होतात.

प्रिंटएलएन एकेक आर्ग्युमेंट, मधली स्पेस आणि शेवटची न्यूलाइन असं सगळं वेगवेगळं लिहितो म्हणून. एसटीआरनं न्यूलाइनसकट एकच स्ट्रिंग बनवून प्रिंट करा, फ्लश करा, निम्मा त्रास तिथेच संपतो. पक्कं हवं असेल तर लॉकिंग मॅक्रो आउट व्हेरिएबलवर लावा, हे जावाचं मॉनिटर असल्यामुळे रीएंट्रंट आहे.

मला एजंट जास्त पटतो. एक एजंट छापायला ठेवायचा आणि सेंड-ऑफ करायचं, एजंटकडे आलेली कामं एकामागून एकच चालतात. आणि डूसिंकच्या (क्लोजरची ट्रान्झॅक्शन) आतून पाठवलं तर ट्रान्झॅक्शन कमिट होईपर्यंत ते धरून ठेवलं जातं, म्हणजे दोनदा छापायची भीती नाही. शेवटी शटडाउन-एजंट्स म्हणायला विसरू नका, नाहीतर प्रोग्राम संपल्यावरही जेव्हीएम (जावाचं रनटाइम, ज्यावर क्लोजर चालते) मिनिटभर तसंच बसून राहतं.

ओकॅमल, एफ शार्प?

ओकॅमल ५.० डिसेंबर २०२२ मध्ये आल्यापासून डोमेन (ओकॅमलचे समांतर थ्रेड) खरंच समांतर चालतात, म्हणून तिथेही हा प्रश्न नव्यानं आलाय. म्युटेक्स घ्या किंवा पूर्ण स्ट्रिंग स्प्रिंटएफनं बनवून एकदाच छापा. एफ शार्पमध्ये प्रिंटएफएन तुकड्या-तुकड्यानं लिहितो, त्याऐवजी स्प्रिंटएफ करून कन्सोलच्या राइटलाइनला द्या.

थ्रेड नाही, दोन वेगळे प्रोग्राम एकाच पाइपमध्ये लिहितायत. एमव्हार उपयोगी?

नाही, एमव्हार एका प्रोसेसपुरताच. इथे ओएसचे नियम. पाइपमध्ये पाइप-बफ (ओएसनं ठरवलेली मर्यादा) एवढ्या किंवा त्याहून छोट्या एका राइट कॉलचा मजकूर अखंड जातो अशी पॉसिक्सची (युनिक्ससारख्या ओएसचं प्रमाण) हमी आहे, किमान ५१२ बाइट, लिनक्सवर ४०९६. मराठीत धरलं तर तेराशेच्या वर कोडपॉइंट, एका ओळीला भरपूर झालं. पण ब्लॉकबफरिंग असेल तर एक राइट म्हणजे एक ओळ हे समीकरणच राहत नाही, बफर भरेल तिथे ओळ मधेच तुटते. म्हणून हॅस्केलचं आउटपुट पाइपमध्ये देताना एचसेटबफरिंगनं लाइनबफरिंग स्वतःहून लावा.

प्रोग्रेस बार आणि लॉग दोन्ही एकत्र दाखवायचेत.

हातानं कर्सर हलवायच्या नादी लागू नका, जोई हेस यांचं कन्करंट-आउटपुट पॅकेज घ्या, त्यात स्क्रीनचे वेगळे रीजन करता येतात आणि प्रत्येक थ्रेड आपापल्या रीजनमध्ये लिहितो, शिवाय चालू केलेल्या बाहेरच्या कमांडचं आउटपुटही सांभाळतं.

लॅपटॉपवर मराठी नीट छापतं, डॉकरमध्ये "कमिटबफर: इनव्हॅलिड आर्ग्युमेंट" म्हणून मरतं. हे पण थ्रेडमुळेच का?

नाही, एररमध्ये बफर शब्द आहे म्हणून लोकांना तसं वाटतं. कंटेनरमध्ये लोकेल (भाषा आणि एन्कोडिंगची सेटिंग) सेट नसतो, मग जीएचसी स्टँडर्ड आउटपुटचं एन्कोडिंग आस्की (फक्त इंग्रजी अक्षरं) धरतं आणि "क" कसा लिहायचा ते त्याला कळत नाही. मेनच्या पहिल्याच ओळीत एचसेटएन्कोडिंगनं यूटीएफ-८ लावा, किंवा इमेजमध्ये लँग व्हेरिएबल सी डॉट यूटीएफ-८ करा. स्टँडर्ड एररलाही लावा, नाहीतर एरर छापताना परत तोच एरर येईल. थ्रेडचा संबंध एवढाच की हे छापणाऱ्या थ्रेडमध्ये झालं तर मरतो फक्त तो, वर्कर आपले टीबीक्यू भरेपर्यंत मजेत चालतात आणि मग सगळेच थांबतात. म्हणून त्या थ्रेडला लिंकनं मेनशी जोडून ठेवा, की तो गेला की मेनलाही कळेल.